युरोपात गहू पेरण्याआधीचा हिशोब : पीक-विविधतेचा नियम, नव्यांसाठी

जर्मनी, आयर्लंड, फ्रान्स किंवा नेदरलँड्समध्ये शेतीशास्त्र शिकायला गेलेली मुलं, तिथल्या शेतांवर प्रशिक्षणार्थी म्हणून राहणारे, आणि पुण्यात बसून युरोपातल्या शेतकऱ्यांसाठी नोंदींचं सॉफ्टवेअर लिहिणारे, या सगळ्यांची गाठ कधी ना कधी एका नियमाशी पडते. धान्य पिकवणाऱ्या शेतकऱ्याने सगळ्या रानात एकच पीक घ्यायचं नाही, असा तो नियम. घेतलं तर पोलीस येत नाहीत, पण अनुदान कापलं जातं. आणि तिकडच्या बऱ्याच धान्य शेतकऱ्यांचं वर्षाचं गणित त्या अनुदानावर उभं असतं.

नियम कागदावर चार ओळींचा आहे. लोक अडकतात ते दोन ठिकाणी: टक्केवारी नेमक्या कुठल्या जमिनीची काढायची, आणि ‘वेगळं पीक’ कशाला म्हणायचं. म्हणून या दोन गोष्टींवर इथे जास्त शाई खर्च केली आहे. बाकीचं पटापट उरकू.

आधी थोडा इतिहास, कारण जुने लेख दिशाभूल करतात

इंटरनेटवर शोधलंत तर निम्मी माहिती ‘ग्रीनिंग’च्या काळातली सापडेल. युरोपियन युनियनच्या सामायिक कृषी धोरणात २०१५ पासून थेट अनुदानाचा ३० टक्के हिस्सा तीन अटींना बांधला होता: पिकांची विविधता, कायमची कुरणं न मोडणं, आणि मोठ्या शेतांनी ५ टक्के जमीन पर्यावरणासाठी राखणं. ‘तीन पिकांचा नियम’ हे बोलीतलं नाव तेव्हापासूनचं. २०१७ मध्ये युरोपच्या लेखापरीक्षकांनी हिशोब मांडला, तर ग्रीनिंगमुळे प्रत्यक्ष कसण्याची पद्धत बदलली ती युनियनच्या सुमारे ५ टक्के शेतजमिनीवरच. बहुतेक शेतकरी आधीपासूनच नियमात बसत होते. मला हा निष्कर्ष अजिबात आश्चर्याचा वाटत नाही. ७५ टक्के गहू चालतो म्हणणारा नियम किती जणांना हलवणार?

२०२३ पासून ग्रीनिंग गेलं. विविधतेच्या जागी पिकांची फेरपालट आली, आणि ती अनुदानाची मूळ अट झाली. या अटीचं सरकारी नाव जीएईसी ७. जर्मनीत तिला ग्ल्योत्स ७ म्हणतात, फ्रान्समध्ये बीसीएई ७. युक्रेनच्या युद्धामुळे पहिल्याच वर्षी, २०२३ साठी, ती शिथिल करण्याची मुभा मिळाली. मग २०२४ च्या सुरुवातीला ब्रसेल्सपासून बर्लिनपर्यंत रस्त्यांवर ट्रॅक्टर उतरले, आणि मे २०२४ मध्ये मंजूर झालेल्या २०२४/१४६८ क्रमांकाच्या सुधारणेने सदस्य देशांना मोकळीक दिली: फेरपालट ठेवा, नाहीतर विविधता चालवा. थोडक्यात, २०१५ चं गणित मागच्या दाराने परत आलं. इंग्लंड या सगळ्यातून बाहेर आहे. ब्रेक्झिटनंतर २०२१ पासून तिथे तीन पिकांचा नियम राहिलेला नाही, तेव्हा इंग्लंडच्या संकेतस्थळावरची जुनी पत्रकं बाजूला ठेवा.

पायरी १ : तुमचा देश कुठला रस्ता देतो ते पाहा

विविधता आणि फेरपालट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवखा माणूस त्या हमखास एक समजतो.

विविधता म्हणजे एकाच वर्षी, एकाच शेतकऱ्याच्या सगळ्या जमिनीवर मिळून किती पिकं उभी आहेत ते मोजणं. फेरपालट म्हणजे एकाच तुकड्यावर गेल्या वर्षी काय होतं आणि यंदा काय आहे ते पाहणं. ज्याच्या चार वावरांपैकी तीन वावरांत दरवर्षी गहूच असतो आणि चौथ्यात जव आणि मटार, तो विविधतेच्या नियमात आरामात बसेल. फेरपालटीच्या नियमात तोच माणूस नापास.

आयर्लंडने विविधतेचा पर्याय खुला ठेवला आहे. जर्मनीने फेरपालट ठेवली. तिथे २०२५ पासून सोपा केलेला नियम असा: प्रत्येक तुकड्यावर सलग तीन वर्षांत किमान दोन वेगळी मुख्य पिकं, आणि दरवर्षी किमान ३३ टक्के नांगरटीच्या जमिनीवर एकतर पीक बदललेलं हवं किंवा मध्ये आच्छादनाचं पीक घेतलेलं हवं. प्रत्येक देशाचा स्वतःचा धोरण-आराखडा असतो आणि त्यात दरवर्षी डागडुजी होते. त्यामुळे शेजारच्या देशातल्या मित्राचा सल्ला ऐकून पेरणी करू नका. चालू वर्षाचं पत्रक कृषी विभागाच्या किंवा अनुदान वाटणाऱ्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर असतं, तेच प्रमाण.

खाली मुख्यतः विविधतेचा हिशोब दिला आहे.

पायरी २ : नांगरटीची जमीन वेगळी काढा

सगळी टक्केवारी निघते ती फक्त नांगरटीखालच्या जमिनीवर. शेतकरी ‘माझी ६४ हेक्टर’ म्हणतो तेव्हा त्यात घर-गोठ्याचं आवार, झाडी, कुरण सगळं येतं. ते वजा करायचं.

नांगरटीच्या जमिनीत काय धरायचं: धान्य, तेलबिया, कडधान्य, बीट, बटाटा, मका, तात्पुरतं पेरलेलं गवत आणि पडीक ठेवलेली नांगरटीची जमीन. काय धरायचं नाही: कायमचं कुरण, म्हणजे साधारणपणे पाच वर्षं किंवा जास्त फेरपालटीत न आलेलं गवत, आणि द्राक्षमळे, फळबागा यांसारखी बारमाही पिकं.

हे तात्पुरतं गवत फसवं असतं. चार वर्षं गवत ठेवलेला तुकडा पाचव्या वर्षानंतर कायमच्या कुरणात जाऊ शकतो. तो गेला की नांगरटीची जमीन घटते, आणि सगळी टक्केवारी हलते. ३१ हेक्टरांचा शेतकरी त्यामुळे २९ वर येऊन दोन पिकांच्या गटात पडू शकतो. ऐकायला बरं वाटतं, पण ते कुरण पुन्हा नांगरायला नंतर परवानगीची भानगड लागते.

आकडे सातबाऱ्यासारख्या उताऱ्यावरून घ्यायचे नाहीत. अनुदानासाठी प्रत्येक देशात जमिनीच्या तुकड्यांचा डिजिटल नकाशा असतो, त्यातलं मोजलेलं क्षेत्र खरं धरतात. भाडेपट्ट्याच्या कागदावर ८ हेक्टर आणि नकाशात ७.८६, असं सर्रास असतं. ओढ्याकाठी किमान ३ मीटर रुंदीचा पट्टा खत-औषधाविना सोडावा लागतो. त्यावर गवत पेरलं असेल तर पिकाच्या क्षेत्रातून ते वजा होतं का, हे नकाशा बघूनच ठरवा.

पायरी ३ : सूट लागू होते का?

इथे बरेच जण सुटतात, म्हणून पुढचं वाचण्याआधी तपासा.

नांगरटीची जमीन १० हेक्टर किंवा त्याहून कमी असेल तर नियम लागू नाही. १० हेक्टर म्हणजे जवळजवळ २५ एकर. आपल्याकडे हा बागायतदार ठरेल, तिथे तो छोट्यात जमा. नांगरटीच्या जमिनीपैकी ७५ टक्क्यांहून जास्त भागावर गवत, चाऱ्याची पिकं, पडीक जमीन, शेंगावर्गीय पिकं किंवा या सगळ्यांची बेरीज असेल तरी सूट. एकूण पात्र शेतजमिनीपैकी ७५ टक्क्यांहून जास्त कुरण, गवत-चारा किंवा पाण्याखालचं पीक असेल तरीही सूट. पाण्याखालचं पीक म्हणजे भात. उत्तर इटलीत वेर्चेल्ली आणि पावीयाच्या पट्ट्यात भाताची खाचरं मैलोगणती पसरलेली आहेत, ही तरतूद त्यांना उपयोगी पडते. प्रमाणित सेंद्रिय शेतीला ही अट पाळलेलीच धरतात.

एक बारकावा. २०२४ च्या सुधारणेने एकूण १० हेक्टरांपर्यंत शेतजमीन असणाऱ्यांना या अटींच्या तपासणीतून आणि दंडातून वगळलं. हे १० हेक्टर आणि वरचे १० हेक्टर वेगळे. वर फक्त नांगरटीची जमीन मोजायची, इथे कुरणासकट सगळी. नव्या सल्लागाराच्या टिपणांत या दोन्हींची खिचडी झालेली बरेचदा दिसते.

पायरी ४ : किती पिकं लागतील

नांगरटीची जमीन १० हेक्टरांहून जास्त आणि ३० पर्यंत: किमान दोन पिकं, आणि सर्वांत मोठं पीक ७५ टक्क्यांच्या आत.

३० हेक्टरांहून जास्त: किमान तीन पिकं. सर्वांत मोठं ७५ टक्क्यांच्या आत, आणि पहिली दोन मिळून ९५ टक्क्यांच्या आत.

दुसऱ्या ओळीचा अर्थ असा की तिसऱ्या पिकाला (किंवा तिसरं, चौथं, पाचवं सगळं मिळून) निदान ५ टक्के जागा हवी.

पायरी ५ : वेगळं पीक कोणतं?

शेतकऱ्याच्या डोक्यातलं पीक आणि नियमातलं पीक जुळत नाही, आणि गंमत इथेच आहे. ग्रीनिंगच्या काळात ठरवलेली व्याख्या वनस्पतिशास्त्रावर उभी होती. बहुतेक देशांचे आजचे नियम तिच्याच वळणाने जातात, पण आपल्या देशाच्या पीक-यादीत एकदा खात्री करून घ्या.

व्याख्या अशी: वनस्पतीची प्रजाती, म्हणजे जीनस, वेगळी असेल तर पीक वेगळं. गहू, जव, ओट, राय, मका ही पाच वेगळी पिकं. ट्रिटिकेल हा गहू आणि राय यांचा संकर, त्याची प्रजाती स्वतंत्र, म्हणून तेही वेगळं. पण पावाचा गहू आणि पास्त्याचा ड्युरम गहू दोघे एकाच प्रजातीतले, म्हणून ग्रीनिंगमध्ये ते एकच पीक होतं. बाजार वेगळा, भाव वेगळा, गिरणी वेगळी. नियमाला त्याचं काही नाही. स्पेल्ट हा जुन्या वळणाचा गहू मात्र नंतर अपवाद म्हणून वेगळा धरला गेला.

मका तर नव्यांना हमखास गोत्यात आणतो. दाण्याचा मका आणि मुरघासाचा मका अर्जात दोन वेगळ्या ओळींत येतात, त्यांना वेगळे सांकेतिक क्रमांक असतात, पण प्रजाती एकच. दुग्धव्यवसाय करणारा शेतकरी ‘माझी तीन पिकं आहेत: गहू, दाणा मका, मुरघास मका’ असं म्हणाला, तर त्याची दोनच आहेत. साखरेचं बीट आणि चाऱ्याचं बीट यांचंही तसंच. फाबा बीन (आपला बाकला) आणि व्हेच हे चाऱ्याचं वेलवर्गीय पीक दिसायला किती वेगळी, तरी दोघांची प्रजाती एक.

तीन कुळांना वेगळी मोजपट्टी आहे: मोहरी-कोबीचं कूळ, बटाटा-टोमॅटोचं कूळ आणि काकडी-भोपळ्याचं कूळ. यांत प्रजातीच्या एक पायरी खाली उतरून जाती मोजतात. त्यामुळे तेलाचं रेपसीड आणि टर्निप वेगळी पिकं ठरतात, बटाटा आणि टोमॅटोही.

आता सर्वांत उपयोगाची सवलत. हिवाळी पीक आणि वसंती पीक वेगळी धरतात, प्रजाती एक असली तरी. ऑक्टोबरात पेरलेला हिवाळी गहू आणि मार्चात पेरलेला वसंती गहू ही दोन पिकं. हिवाळी जव आणि वसंती जव हीसुद्धा दोन. त्यामुळे निव्वळ गहू आणि जव पिकवणारा माणूसही तीन पिकं दाखवू शकतो: हिवाळी गहू, हिवाळी जव, वसंती जव. आयर्लंडमध्ये जवाचा जोर आहे, तिथे ही वाट मळलेली आहे. मात्र वाण हिवाळी की वसंती, हे तपासणीत विचारलं जाऊ शकतं. बियाण्याच्या पिशवीवरचं लेबल आणि बिल जपून ठेवा. उशिरा पेरला म्हणून हिवाळी वाण वसंती होत नाही.

मिश्र पेरा एकच पीक मोजला जातो, त्यात मटार आणि ओट असोत की पाच बियांचं मिश्रण. मुख्य पिकाखाली दुसरं पीक पेरलं असेल तर फक्त मुख्य पीक धरतात. आंतरपिकाची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे खटकेल. तूर-सोयाबीन ओळीने पेरून दोन पिकं मोजणाऱ्या माणसाला ‘बी एकत्र टाकलं म्हणून एकच’ हे पटवणं कठीण. पण स्वतंत्र ओळींच्या पट्टापेरणीला ग्रीनिंगमध्ये वेगळी तरतूद होती, आणि प्रत्येक पिकाने किमान २५ टक्के जागा व्यापली असेल तर ती वेगळी धरत.

पडीक ठेवलेली जमीनही ग्रीनिंगमध्ये ‘पीक’ मोजली जात असे. तुमच्या देशात आजही तसं आहे का, हे पत्रकात पाहा. असेल तर तिसऱ्या पिकाचा प्रश्न फुकटात सुटतो.

पायरी ६ : आकडे मांडा

एक काल्पनिक शेत घेऊ. एकूण ६४ हेक्टर. त्यातलं २ हेक्टर आवार आणि झाडी, २० हेक्टर कायमचं कुरण. राहिली ४२ हेक्टर नांगरटीची जमीन. कुरण पात्र जमिनीच्या एक-तृतीयांशाच्या आसपास आहे, म्हणजे ७५ टक्क्यांची सूट नाही. ३० च्या वर असल्यामुळे तीन पिकं हवीत.

मर्यादा काढू. ४२ चे ७५ टक्के म्हणजे ३१.५ हेक्टर, मोठ्या पिकाची कमाल. ४२ चे ९५ टक्के म्हणजे ३९.९ हेक्टर, पहिल्या दोघांची कमाल. तिसऱ्याला किमान २.१ हेक्टर.

शेतकऱ्याचा बेत असा: हिवाळी गहू ३०, हिवाळी जव १०, फाबा बीन २. गहू ३१.५ च्या आत आहे, पिकं तीन आहेत, सगळं झकास दिसतं. पण गहू आणि जव मिळून ४० होतात. मर्यादा ३९.९. दहा गुंठ्यांनी बेत फसला.

४२ हेक्टरांत दहा गुंठे! म्हणूनच सांगतो, काठावर आखू नका. बीन २.५ करा, जव ९.५. पेरणी यंत्र वळताना कोपरा सुटतो, एखाद्या सखल भागात पाणी साचून उगवण होत नाही, नकाशातली हद्द दुरुस्त होऊन येते. तिसऱ्या पिकाला ५ ऐवजी ६-७ टक्के धरलेत तर या सगळ्यासाठी जागा राहते.

आणि हा हिशोब करायचा कधी? ऑगस्टमध्ये. अर्ज वसंतात भरतात (जर्मनीत शेवटची तारीख १५ मे), त्यामुळे नवखे लोक एप्रिलमध्ये कॅल्क्युलेटर काढतात. तोवर वेळ गेलेली असते. आपला रब्बीचा गहू नोव्हेंबरात पेरून मार्चात निघतो. तिथला हिवाळी गहू सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरात पेरतात, तो थंडीभर रानातच दबून बसतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये कापणीला येतो. एका रानात वर्षाला एकच मुख्य पीक. रेपसीडची पेरणी तर ऑगस्टातच होते. मेमध्ये गहू ३१.५ ऐवजी ३३ हेक्टर निघाला, तर उभा गहू मोडण्याशिवाय हातात काही नसतं. वसंतात दुरुस्तीला उरतो तो फक्त मोकळा ठेवलेला तुकडा: त्यात वसंती जव, मटार, बीन, ओट, आणि एप्रिलअखेर मका.

पायरी ७ : तिसरं पीक कुठलं घ्यायचं

नियम पाळण्यापुरतं २-३ हेक्टर काहीतरी टाकायचं, असा विचार करणारे भरपूर आहेत, आणि मी त्यांना दोष देत नाही. छोट्या पिकाचा खर्च दिसतो त्यापेक्षा मोठा असतो. अडीच हेक्टर बीन कापायला भाड्याचं हार्वेस्टर यायला खळखळ करतं. जाळी बदला, ड्रमचा वेग कमी करा, मग पुन्हा गव्हासाठी लावा. साठवणीला वेगळी कोठी हवी. दोन ट्रेलर माल घ्यायला व्यापारी लांबून येत नाही. म्हणून शेजाऱ्याकडे तेच पीक आहे का, जवळचा पशुखाद्य कारखाना ते घेतो का, हे बियाणं घेण्याआधी विचारा. शेजाऱ्याशी बोलून दोघांनी एकच तिसरं पीक ठरवलं तर कापणी यंत्राचा प्रश्न निम्मा सुटतो.

पण बेवडाचा, म्हणजे आधीच्या पिकाचा पुढच्या पिकावर होणाऱ्या परिणामाचा, विचार केला तर गणित फिरतं. गव्हावर गहू घेतला की दुसऱ्या वर्षी मुळांचा टेक-ऑल नावाचा बुरशीजन्य रोग बळावतो आणि उतारा पडतो. ब्लॅकग्रास हे तण हिवाळी धान्याच्या पाठोपाठच्या पेऱ्यात माजतं, आणि त्यातल्या बऱ्याच तणांना आता तणनाशकं लागू पडत नाहीत. मध्ये एक वसंती पीक आलं की शरद ऋतूत उगवलेलं तण नांगरून काढायला वेळ मिळतो. मक्यावर मका घेणाऱ्यांच्या मागे रूटवर्म लागतो; तो अंडी घालतो मक्याच्या रानात आणि पुढच्या वर्षी अळी निघते तेव्हा तिला मक्याची मुळं लागतात. तिथे दुसरं काही पेरलं तर ती उपाशी मरते. औषधापेक्षा हा उपाय स्वस्त आहे.

बीन आणि मटार नत्र स्वतः बांधतात आणि मागून येणाऱ्या गव्हाला थोडं ठेवून जातात. शिवाय प्रथिन-पिकांसाठी देशांना थेट अनुदानातला २ टक्के जादा वाटा वापरता येतो, त्यामुळे आयर्लंडसारख्या ठिकाणी बीन-मटाराला वेगळे पैसे मिळतात. मात्र मटार त्याच तुकड्यावर पाच-सहा वर्षांच्या आत परत आणू नका, मूळकूज पाठ सोडत नाही. रेपसीडलाही तीन-चार वर्षांचं अंतर हवं. तिसरं पीक दरवर्षी त्याच कोपऱ्यात टाकून नियम पाळला जाईल, रान मात्र बिघडेल.

माझं मत विचाराल तर ७५-९५ चा नियम ही खालची पायरी समजा, आणि बेत फेरपालटीचाच करा. पाच तुकडे, पाच वर्षांचं चक्र: गहू, जव, रेपसीड, पुन्हा गहू, मग बीन किंवा ओट असं आपल्या मातीप्रमाणे बसवा. असं चक्र असेल तर देशाने उद्या विविधता काढून फेरपालट आणली तरी तुमच्या पेऱ्यात काही बदलावं लागत नाही. गेल्या काही वर्षांत ब्रसेल्सने इतक्यांदा दिशा बदलली आहे की हे निव्वळ व्यवहाराचं बोलणं आहे.

जास्त पिकांचे जास्त पैसे

मूळ अटीपेक्षा पुढे जाणाऱ्यांसाठी इको-स्कीम असतात. देशांनी थेट अनुदानातले किमान २५ टक्के त्यांत घालायचे असतात. अटी सक्तीच्या, इको-स्कीम ऐच्छिक.

जर्मनीची ‘विविध पिकं’ ही योजना उदाहरणाला चांगली. किमान पाच मुख्य पिकं; प्रत्येक १० ते ३० टक्के; शेंगावर्गीय किमान १० टक्के; धान्य जास्तीत जास्त ६६ टक्के. १ जून ते १५ जुलै या काळात रानात काय उभं आहे त्यावर मोजणी. २०२४ पासून ठरवलेला दर हेक्टरी ६० युरो. आपलंच ४२ हेक्टरांचं शेत जर्मनीत आहे असं धरा: प्रत्येक पीक ४.२ ते १२.६ हेक्टरांच्या मध्ये, धान्य २७.७ च्या आत. गहू १२.५, जव १२, रेपसीड ७.५, बीट ५, बीन ५ असं बसतं, आणि हाती येतात २,५२० युरो. त्यासाठी गहू ३० वरून १२.५ वर आणावा लागला. नुसत्या गव्हाच्या शेतकऱ्याला एवढ्या पैशांत हे परवडत नाही. ज्याचं चक्र आधीच रुंद आहे त्याला मात्र हे घरबसल्या मिळतात. फ्रान्समध्ये पिकांच्या विविधतेला गुण देतात, चार गुणांना एक दर आणि पाच गुणांना वरचा.

पायरी ८ : अर्ज आणि आकाशातला डोळा

अर्ज ऑनलाइन, नकाशावर. प्रत्येक तुकड्याची हद्द आखून पिकाचा सांकेतिक क्रमांक टाकायचा. जर्मनीत हिवाळी गव्हाला ११५, हिवाळी जवाला १३१, हिवाळी रेपसीडला ३११. चुकीच्या ओळीवर टिचकी पडून हिवाळीचं वसंती झालं, तर कागदावर पिकांची संख्याच बदलते. भरल्यावर छापून घ्या आणि ज्याने पेरलं त्याच्याकडून एकदा वाचून घ्या.

२०२३ पासून क्षेत्रावर आधारलेल्या अनुदानांसाठी उपग्रहाची देखरेख सक्तीची आहे. सेंटिनेल-२ उपग्रहांची जोडी दर पाच दिवसांनी तेच रान १० मीटरच्या बारकाईने पाहते. ढग आडवे आले तर सेंटिनेल-१ चं रडार आहेच. जव गव्हाच्या आधी पिवळा पडतो, रेपसीड मेमध्ये फुलतं, मका जूनपर्यंत रान उघडं ठेवतो. या फरकांवरून संगणक पीक ओळखतो. अरुंद पट्टे आणि अर्ध्या हेक्टराचे तुकडे त्याला नीट कळत नाहीत. तिसरं पीक नेमकं अशाच तुकड्यात असतं, त्यामुळे शंका तिथेच निघते.

मग फोनवर निरोप येतो: अमुक तुकड्याचा फोटो पाठवा. महाराष्ट्रात २०२१ पासून ई-पीक पाहणी केलेल्यांना हा प्रकार नवा नाही. रानात उभं राहून ॲपमधूनच फोटो काढायचा, म्हणजे जागेचे अक्षांश-रेखांश त्यात येतात. एक फोटो सगळ्या रानाचा, एक पान-ओंबी ओळखू येईल असा जवळून. कोवळा गहू आणि कोवळा जव लांबून सारखेच दिसतात. पानाच्या बुडाशी खोडाला मिठी मारणारे लांब, गुळगुळीत कानासारखे भाग दिसले तर जव. गव्हाला ते आखूड आणि लवदार असतात. तेवढं फोटोत आलं पाहिजे.

पायरी ९ : चुकलंच तर

अट मोडल्याचं सिद्ध झालं तर कपात फक्त त्या पिकाच्या क्षेत्रावर होत नाही, त्या वर्षीच्या एकूण अनुदानावर होते. नकळत झालेल्या चुकीला सर्वसाधारण कपात ३ टक्के. मुद्दाम केलं असं ठरलं तर किमान १५ टक्के. किरकोळ चुकीला समज देऊन सोडण्याचीही तरतूद आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका.

तपासणीचं पत्र येण्याआधी चूक लक्षात आली तर अर्ज दुरुस्त करता येतो, आणि बहुतेक ठिकाणी त्यासाठी वेगळी मुदत असते. पत्र आल्यावर त्या तुकड्याची दुरुस्ती सहसा स्वीकारत नाहीत.

पाऊस, पूर, दुष्काळ यांमुळे पेरणीच होऊ शकली नाही, तर वाट न बघता लेखी कळवा: तारीख, तुकड्याचा क्रमांक, पाणी साचलेल्या रानाचा फोटो, आणि घेतलेल्या बियाण्याचं बिल. बिलाला इथे फार किंमत असते, कारण पेरायचं होतं हे त्यावरून दिसतं. कधी सरकार सगळ्यांनाच सूट देतं. २०१९-२० च्या ओल्या हिवाळ्यानंतर इंग्लंडमध्ये २०२० पुरती तीन पिकांची अट उठवली होती. पण अशी घोषणा वसंतात उशिरा होते, आणि तोवर प्रत्येकाने आपापला अर्ज दिलेला असावा. कागद पाठवल्यावर पोच मागून घ्या आणि त्या वर्षाच्या नकाशाबरोबर एकाच फायलीत लावा.